मामाचा सीन

चित्रपटाची निवड झाल्याची बातमी बिट्टीने सगळ्यात आधी आईला सांगितली, तिथेच चुकलं. आईने तिचा फोन ठेवला आणि लगेच आपल्या भावाला लावला. संध्याकाळपर्यंत मामाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच-गिअरशी झटापट करणाऱ्या प्रत्येक माणसाला कळलं होतं, की आपले सर पिक्चरमध्ये आहेत आणि तो पिक्चर महोत्सवात लागणार आहे.

महोत्सव तसा लहानच. मोठ्या कंपन्यांच्या आधाराशिवाय, आसपासच्या भागातल्या लोकांनी पदरमोड करून केलेल्या चित्रपटांचा. पण शहरातल्या जुन्या नाट्यगृहात होणार होता, बाहेर फलक लागणार होता, वर्तमानपत्रात चार ओळी येणार होत्या. मामाला एवढं पुष्कळ होतं. मामा पन्नाशी ओलांडलेला, उंचापुरा आणि बोलका. दुसऱ्या कुणी आपलं कौतुक करेपर्यंत त्याला धीर निघत नसे, म्हणून ते काम तो स्वतःच उरकून घ्यायचा. त्याने महोत्सवाचं पोस्टर आणलं आणि शिकवायच्या गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवलं. वर 'सावधान, शिकाऊ चालक' आणि त्याखाली बिट्टीच्या चित्रपटाचं नाव, असा मजकूर घेऊन गाडी शहरभर फिरू लागली.

अडचण एकच होती. त्या चित्रपटात मामा नव्हता.

बिट्टी नवऱ्याबरोबर शहरातच राहायची आणि एका स्टुडिओत लग्नाच्या आणि जाहिरातींच्या फिती जोडायचं काम करायची. दुसऱ्यांचे सोहळे कापून-सांधून कंटाळली, तेव्हा तिने स्वतःची गोष्ट लिहिली. एक मुलगी नवऱ्याचं घर सोडून बापाकडे येते. दिवसभर शहरात भटकते, बापाला सांगायचं धाडस होत नाही. शेवटी बापाच्या गाडीत बसून सांगते, की मी परत जाणार नाही. मुलीचं काम तिने स्वतःच करायचं ठरवलं आणि बाप म्हणून मामाला उभं केलं. गाडी मामाची, मामा फुकटात आणि हौस दांडगी, असं सगळंच जुळून आलं होतं.

तो गाडीतला सीन एका दुपारी झाला. बिट्टी स्टिअरिंगवर, मामा शेजारी आपल्या रोजच्या जागेवर. तिचा मित्र, जो कॅमेराही सांभाळायचा आणि संकलनालाही बसायचा, तो बॉनेटवर कॅमेरा बांधून बाहेर वाकून उभा. मामाला एकही वाक्य नव्हतं. त्याने फक्त ऐकायचं होतं. बिट्टी आपलं लांबलचक बोलणं बोलली, डोळ्यांत पाणी आणलं, आवाज कापरा केला. मामा समोर बघत राहिला. ती 'मी परत जाणार नाही' म्हणाली, तेव्हा त्याचा पाय आपसूक पुढे गेला आणि शिकवणाऱ्याच्या बाजूला जो दुसरा ब्रेक असतो त्यावर दाबला गेला. गाडी बंद होती, हँडब्रेक ओढलेला होता. मामा मात्र पाय दाबून तसाच बसला.

संकलनाला बसल्यावर बिट्टीला कळून चुकलं. पडद्यावर ती बोलत होती, रडत होती, आणि बघणाऱ्याची नजर मामावरून हलत नव्हती. त्याच्याशेजारी तिचं रडणं शाळेच्या गॅदरिंगमधल्यासारखं वाटत होतं. मित्र म्हणाला, आख्ख्या पिक्चरमध्ये असा तुकडा दुसरा नाही. त्या रात्री तिला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, की चित्रपट रेंगाळतोय, बाप दाखवायलाच नको. नुसता तिचा चेहरा ठेवायचा, ती शेजारच्या सीटकडे बघून बोलते आहे एवढंच, आणि मधे रिकाम्या सीटचा एक तुकडा. मित्राने खुर्ची तिच्याकडे फिरवली.

"काप," तो म्हणाला. "पिक्चर तुझा आहे. पण का कापतेयस ते निदान स्वतःशी तरी खरं बोल."

ती स्वतःशी खरं बोलली नाही. लांबी, गती, सूचकता हे शब्द तिला पाठ होते. ते तिने मित्राला ऐकवले आणि मग स्वतःलाही. मामाला मात्र यातलं काहीच सांगितलं नाही. चित्रपट कुठे लागेल, न लागेल, लागला तेव्हा बघू, असं म्हणून तिने तो विषय मनातल्या मनात माळ्यावर टाकून दिला होता.

आता तो माळ्यावरून डोक्यावर पडला. ती सांगायला म्हणून मामाकडे गेली, तर मामा आरशासमोर उभा होता आणि मामी गुडघ्यांवर बसून त्याच्या कोटावर खडूने रेघा मारत होती. कोट मामाच्या लग्नातला. पोटाने दगा दिला होता, म्हणून मामी शिवणी उसवून तो सैल करत होती. मामाने बिट्टीला विचारलं, की चित्रपट संपल्यावर स्टेजवर बोलावतात तेव्हा कलाकाराने दिग्दर्शकाच्या कुठल्या हाताला उभं राहायचं असतं. मामी खालूनच म्हणाली, की कुठेही उभे राहा, पण पोट आत घेऊन राहा. सगळे हसले. बिट्टीही हसली, चहा प्यायली आणि घरी आली.

असं आणखी एकदा झालं, मग पुन्हा एकदा. कधी शेजारी बसलेले असायचे, कधी मामाचा एखादा जुना विद्यार्थी. मामा सगळ्यांना तिची ओळख करून द्यायचा आणि ती मान खाली घालायची. लोकांना तो विनय वाटे. 'यशाने पोरगी जराही चढली नाही,' असं एक बाई आईला म्हणाल्या. आईने ते कौतुकाने तिला सांगितलं. कुणाला गंडवलं की मामा बनवलं म्हणतात, आणि इथे तर तिने सख्ख्या मामालाच बनवलं होतं. हा विनोद तिला एकदा आंघोळ करताना सुचला. हसू मात्र आलं नाही.

त्यातच महोत्सवाच्या संयोजिकेचा फोन आला. बाई उत्साही होत्या, भराभर बोलत होत्या. निवड समितीला चित्रपट फार आवडला होता, आणि विशेष म्हणजे बाप पडद्यावर येतच नाही ही गोष्ट. केवढं धाडस आहे, त्या म्हणाल्या. त्या रिकाम्या सीटवर समितीत तासभर चर्चा झाली होती. संध्याकाळचा मुख्य खेळ तिलाच द्यायचा विचार होता. काही दुरुस्त्या असतील तर पुढच्या आठवड्यापर्यंत नवी प्रत पाठवता येईल, पण या चित्रपटात दुरुस्त करण्यासारखं काय असणार, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बिट्टी फोन हातात धरून बसून राहिली. चोरी केली आणि तिचंच बक्षीस मिळालं, तर माणसाने तोंड कुठे लपवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट मामाच्या गाडीपाशी गेली. शेवटचा विद्यार्थी उतरत होता. सराव सुटलाय, जरा चालवते, असं सांगून ती स्टिअरिंगवर बसली. मामा खुशीत शेजारी बसला. शहराबाहेरच्या मैदानावर, जिथे तो लोकांना जुन्या टायरांमधून गाडी मागे घ्यायला शिकवायचा, तिथे तिने गाडी उभी केली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"मामा, पिक्चरमध्ये तू नाहीस."

मामाला आधी कळलंच नाही. "थोडाच आहे म्हणतेस? चालेल की."

"थोडासुद्धा नाही. तुझा सीन मी काढून टाकला. केव्हाच. तुला सांगितलं नाही."

मामाने बाजूच्या आरशात पाहिलं, जणू मागून एखादी गाडी येत होती. मैदानात कुणीच नव्हतं.

"काम वाईट झालं होतं का माझं?" त्याने विचारलं.

इथे लांबीचं कारण तयार होतं. नुसतं पुढे सरकवायचं होतं. मामाने ते मुकाट्याने घेतलं असतं, चारचौघांत फिरवून फिरवून सांगितलंही असतं.

"नाही," बिट्टी म्हणाली. "चांगलं झालं होतं. माझ्यापेक्षा फार चांगलं. तू शेजारी असलास की माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. म्हणून काढला."

एरवी दोन वाक्यांच्या मध्ये श्वास न घेणाऱ्या मामाने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला.

"वाईट झालं होतं म्हणाली असतीस तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "वाईट काम मी पचवलं असतं."

"अजून मुदत आहे मामा. मी तो सीन परत घालते."

"आता नको. आता घातलास तर ती माझी समजूत काढणं झालं. मला काय लहान पोर समजतेस?"

तो दार उघडून उतरला. ते त्याने हळूच लावलं, ग्राहकाच्या गाडीचं लावावं तसं, आणि मैदानातून चालत रस्त्याकडे निघाला. शिकणाऱ्याला गाडीत एकटं सोडून तो आजवर कधी उतरला नव्हता. बिट्टीने हाक मारली नाही. काय म्हणून मारणार? थोड्या वेळाने तिने गाडी सावकाश चालवत त्याच्या घरापाशी आणली आणि किल्ली मामीच्या हातात दिली.

काचेवरचं पोस्टर दुसऱ्याच दिवशी गेलं. कोपऱ्यांत डिंकाचे पांढरे ठिपके तेवढे राहिले.

मग आईचा फोन आला. मामाने सगळ्यांना सांगितलं होतं, की त्याचा सीन त्यानेच काढायला लावला. घरचीच माणसं किती दाखवायची, लोक म्हणतील भाचीने मामाला घुसवला, म्हणून मीच म्हटलं काप. आईचा ऊर भरून आला होता. "बघ किती मोठं मन आहे त्याचं," ती म्हणाली. "तुझं नाव व्हावं म्हणून स्वतः बाजूला झाला. तू त्याचे पाय धुऊन पाणी प्यायला हवंस." बिट्टी हो म्हणाली. खरं सांगावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर मामा खोटा पडला असता. आता तिला गप्प बसण्याचीही सोय मामानेच करून दिली होती, आणि ती सोय तिच्या अंगाला काट्यासारखी टोचत होती.

दोन-तीन दिवस तिने कसेबसे काढले आणि मामा कामावर असेल अशा वेळी मामीकडे गेली. मामी शिवणयंत्रावर बसली होती. कोट दाराच्या खुंटीवर होता, एक बाजू उसवलेली, खडूच्या रेघा तशाच. बिट्टीने सगळं सांगितलं. मैदानात मामाला सांगितलं होतं तेच, आणि आपल्याला किती वाईट वाटतंय, झोप कशी लागत नाही, हेही. मामीने धागा दाताने तोडला.

"तुला हलकं व्हायचंय ते कळतं मला," ती म्हणाली. "पण त्यासाठी तुझं ओझं परत त्यांच्या डोक्यावर देऊ नकोस. त्यांनी त्यांच्यापुरतं उचललंय."

मामीने यंत्रात नवा धागा ओवला.

"आणि एक तुला ठाऊक नाही ते सांगते. ते काम-बिम काही करत नव्हते त्या दिवशी."

मग मामीने सांगितलं. शूटिंगच्या त्या संध्याकाळी मामा घरी आला तो जेवलाच नाही. हात धुऊन पानावरून उठला. मामीने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, पोरीचं खरंच काही बिनसलंय का गं? एवढं खरं खरं रडतं का कुणी? गोष्टीच्या आडून ती आपल्याला सांगत तर नसेल? मामीने समजावलं की अहो, नाटक आहे ते, तर म्हणाला, तू तिथे नव्हतीस. शेवटी चैन पडेना म्हणून त्याने काहीतरी निमित्त काढून जावयाला फोन केला.

तो फोन बिट्टीला आठवला. नवऱ्याने घरी आल्यावर तिला सांगितलं होतं, की आज मामांनी विनाकारण फोन करून टायरमधल्या हवेवर अर्धा तास व्याख्यान दिलं, आणि मधेच विचारलं, तुमचं दोघांचं बरं चाललंय ना? दोघं पोट धरून हसले होते. मामाला आता गाडीशिवाय काही दिसत नाही, असं ती म्हणाली होती.

"तुझं काम वाईट झालं असेल-नसेल, मला त्यातलं कळत नाही," मामी म्हणाली. "पण एका माणसाने ते खरं मानलं होतं."

त्या दुपारी स्टुडिओत बिट्टीने तो तुकडा पुन्हा काढून पाहिला. मित्र शेजारी होता. या वेळी तिला स्वतःचा खोटा आवाज खटकला नाही, म्हणजे खटकला, पण त्यात ती अडकून पडली नाही. ती फक्त मामाकडे बघत होती. त्याचा हात मांडीवरून उचलला जाऊन परत खाली येत होता, तिच्या डोक्यावर ठेवावा की न ठेवावा असा. तो कॅमेरा विसरला होता, आपण पिक्चरमध्ये आहोत हेही विसरला होता. तो मामा आपली भाची बुडताना बघत होता आणि त्याच्या हातात काय होतं, तर एक ब्रेक. आणि तिने या माणसाला अभिनयात आपला प्रतिस्पर्धी समजून पडद्याबाहेर काढलं होतं. तिने तोंडावर हात धरला. मित्र उठून पाणी आणायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

तिने सीन परत जोडला. मामाने नको म्हटलं होतं, तरी जोडला. आपण हे मामासाठी करतोय का, चित्रपटासाठी, की आपल्याला झोप लागावी म्हणून, याचा तिने हरप्रकारे विचार करून पाहिला आणि उत्तर मिळालं नाही. एवढंच कळत होतं, की ती रिकामी सीट आता तिला बघवत नव्हती.

संयोजिका नाराज झाल्या. समितीने निवडलेला चित्रपट हा नव्हे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मूळ प्रतच ठेवा, कशाला हातचं घालवता, असंही समजावलं. बिट्टीने हट्ट धरला, तेव्हा त्यांनी समितीला विचारून कळवलं, की नवी प्रत दाखवू, पण स्पर्धेत नाही. मुख्य खेळही नाही. शेवटच्या दिवशी सकाळी, वरच्या लहान सभागृहात. बिट्टी चालेल म्हणाली. मामाला तिने फोन केला तो मामीने उचलला. सीन परत घातलाय, अमुक दिवशी सकाळी आहे, एवढाच निरोप तिने ठेवला. 'या' असं म्हणायचा धीर झाला नाही.

त्या सकाळी लहान सभागृह निम्मंही भरलं नव्हतं. महोत्सवाला आलेले विद्यार्थी, दोन-चार निवृत्त माणसं, एक पंखा कुरकुरत होता. दिवे मालवता मालवता मामा आणि मामी आत आले. मामाच्या अंगावर रोजचा शर्ट होता. बरोबर ना शेजारी, ना कुणी विद्यार्थी. दोघं मधल्या रांगेत बसली. बिट्टी त्यांच्या मागे, अंधारात.

गाडीचा सीन आला तेव्हा तिने पडद्याकडे पाहिलं नाही. ती मामाच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत होती. तिचा स्वतःचा आवाज सभागृहात घुमत होता, कापरा, थोडा जास्तच कापरा. मामाचं डोकं हललं नाही. शेजारी मामीने फक्त पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी खोकणारं होतं, तेही मधेच थांबलं.

चित्रपट संपल्यावर थोड्या टाळ्या झाल्या. मग लोक बाहेर आले आणि मामाभोवती जमले. बिट्टीभोवती नाही. एका आजोबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. एका मुलीने विचारलं, की अभिनय कुठे शिकलात. मामा फुलला. शाळेत असताना नाटकात आपण कसा सेनापती केला होता, मिशी गळून पडल्यावर ती कशी हाताने धरून लढाई पुरी केली होती, हे तो रंगवून सांगू लागला. ती मिशीची गोष्ट बिट्टीने दर वेळी वेगळी ऐकली होती. मामीने तिच्याकडे पाहिलं.

गर्दी पांगल्यावर मामा जिन्यापाशी आला. मैदानानंतर पहिल्यांदाच दोघं समोरासमोर उभी होती.

"माझ्यासाठी घातलास का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही, मामा. खरंच माहीत नाही."

मामाने मान हलवली. "हो म्हणाली असतीस तर मला राग आला असता," तो म्हणाला. "आणि नाही म्हणाली असतीस तर विश्वास बसला नसता." मग त्याने घड्याळ पाहिलं. एक विद्यार्थी परीक्षेसाठी थांबला होता. मामीला घेऊन तो जिना उतरला. कठड्याला धरून, एकेक पायरी.

त्यानंतर येणं-जाणं पूर्वीसारखं सुरू झालं. मामा घरी आला की गप्पा मारायचा, आईला ओरडायचा, बिट्टीच्या नवऱ्याला टायरबद्दल सल्ले द्यायचा. पिक्चरचा विषय निघाला की सीन त्यानेच काढायला लावला आणि भाचीने हट्टाने परत घातला, असं सांगायचा. आई दर वेळी त्याच्याकडे कौतुकाने बघायची. बिट्टी समोर बसून ऐकायची. मधे बोलायचा हक्क आपण गमावलाय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी तिने नवी गोष्ट लिहिली. त्यात एका म्हाताऱ्या चौकीदाराचं काम होतं. ती विचारायला गेली, तेव्हा मामा गाडीच्या मागच्या काचेवर पाणी मारत होता. त्याने गोष्ट शेवटपर्यंत नीट ऐकून घेतली. गोष्ट चांगली आहे म्हणाला. मग सांगितलं की सध्या बॅच मोठी आहे, वेळ निघणार नाही, दुसरं कुणीतरी बघ.

बॅच मोठी नव्हती, हे तिला आईकडून कळलं होतं. पण आग्रह करायला तोंड लागतं. ती बरं म्हणाली. पलीकडे पडलेलं फडकं तिने उचललं आणि काचेची दुसरी बाजू पुसायला घेतली. मामाने नको म्हटलं नाही.